कुत्र्यांच्या परजीवींवरील नियमित उपचार

कुत्र्याच्या त्वचेवर किंवा शरीरात राहून त्याच्या रक्तावर, ऊतकद्रवांवर अथवा आतड्यातील अन्नावर जगणाऱ्या जीवांना कुत्र्याचे परजीवी म्हणतात. पिसवा, गोचिडी, उवा व खरजेचे किडे हे बाह्य परजीवी होत. गोलकृमी, अंकुशकृमी, प्रतोदकृमी, पट्टकृमी व हृदयकृमी हे अंतःपरजीवी होत. यांपैकी पिसवा, गोचिडी व कृमी यांवरील औषधे किती कालांतराने द्यावीत आणि ते कालांतर कशावरून ठरते, यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

वर्षातून एकदा अलर्काची (रेबीजची) लस टोचून घेताना जंताचेही औषध दिले म्हणजे पुरे, अशी पुष्कळांची समजूत असते. लस आणि कृमिनाशक औषध यांच्या क्रियांत मूलभूत फरक आहे. लशीमुळे शरीरात निर्माण झालेली प्रतिरक्षा (रोगप्रतिकारक्षमता) दीर्घकाळ टिकते. याउलट बहुतेक कृमिनाशके मात्रेच्या वेळी आतड्यात असलेल्या कृमींवरच परिणाम करतात व एकदोन दिवसांत शरीराबाहेर टाकली जातात. औषध दिल्यानंतर लगेचच कुत्र्याने दूषित माती चाटली, तर त्यास पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून उपचारांचे वेळापत्रक दोन काळांवरून ठरवितात : एक, औषधाचा परिणाम टिकण्याचा काळ आणि दुसरा, परजीवी शरीरात शिरल्यापासून त्याची अंडी बाहेर पडू लागेपर्यंतचा काळ. या दुसऱ्या काळास प्रकटनपूर्व काल म्हणतात. दोन मात्रांमधील अंतर प्रकटनपूर्व कालापेक्षा कमी ठेवले, तर नव्याने शिरलेले कृमी अंडी घालण्यापूर्वीच मरतात आणि परिसर दूषित होत नाही.

पिसवा : कुत्र्यांच्या अंगावरील पिसवा मुख्यत्वे टीनोसिफॅलिडीस या प्रजातीतील असतात. टी. कॅनिस या जातीस श्वान-पिसू असे नाव असले, तरी जगाच्या बहुतेक भागांत कुत्र्यांवर टी. फेलिस ही मार्जार-पिसूच अधिक आढळते. भारतात टी. ओरिएन्टिस हीदेखील सामान्य आहे. प्रौढ मादी रक्त शोषल्यानंतर एकदोन दिवसांत अंडी घालू लागते आणि दररोज ४० ते ५० पर्यंत अंडी घालू शकते. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांतून घरंगळून कुत्रा झोपतो त्या गोणपाटावर, सतरंजीवर, फरशीच्या फटींत व अंगणातील सावलीच्या मातीत पडतात. त्यांतून बाहेर पडणारे डिंभ (अळीसारखी पूर्वावस्था) प्रकाश टाळतात व प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर जगतात. पुढे ते चिकट कोश विणतात. कोशावर धूळ चिकटून त्यास जणू कवच प्राप्त होते व कीटकनाशके आतपर्यंत पोहोचत नाहीत. कोशातील पूर्ण वाढ झालेली पिसू अनेक महिने स्वस्थ राहू शकते. पावलांची कंपने, शरीराची ऊब व उच्छ्‌वासातील कार्बन डाय-ऑक्साइड यांची चाहूल लागताच ती बाहेर येते. बंद ठेवलेले घर उघडताच पिसवांचा उपद्रव होतो, त्याचे कारण हेच होय.

अनुकूल उष्णता व आर्द्रता असल्यास हे जीवनचक्र ३ ते ४ आठवड्यांत पूर्ण होते. ज्या घरात पिसवांचा प्रादुर्भाव आहे तेथे कुत्र्याच्या अंगावरील प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या सुमारे ५% असतात. उरलेल्या ९५% अंडी, डिंभ व कोश या रूपांत जमिनीवर असतात. औषध लावल्यावर पंधरवड्याने पुन्हा पिसवा दिसल्या म्हणजे औषध निरुपयोगी ठरले, असा समज होतो. वास्तविक त्या कोशांतून नव्याने बाहेर पडलेल्या असतात. म्हणून घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार सुरू करून ते औषधाच्या टिकण्याच्या काळानुसार, सामान्यतः दरमहा, किमान तीन महिने खंड न पडू देता चालू ठेवावे लागतात. तेवढ्या अवधीत जमिनीवरील साठा संपुष्टात येतो. अंथरुणे गरम पाण्याने धुणे, फटी झाडून कचरा लगेच बाहेर टाकणे व कुत्र्याची झोपण्याची जागा उन्हात वाळविणे यांमुळे हा अवधी कमी होतो. अंडी व डिंभ कोरड्या हवेत टिकत नाहीत. त्यामुळे दख्खनच्या पठारावर कडक उन्हाळ्यात घराबाहेरील पिसवा कमी होतात, तर कोकणासारख्या दमट प्रदेशात नियंत्रण वर्षभर चालू ठेवणे इष्ट असते. पिसवेच्या लाळेची अधिहृषता (ॲलर्जी) असलेल्या कुत्र्यास थोड्या दंशांनीही कंबर व शेपटीच्या मुळाशी तीव्र खाज सुटते व केस गळतात. अशा कुत्र्याच्या उपचारांत खंड पडू देत नाहीत.

गोचिडी : भारतातील कुत्र्यांवर सर्वत्र आढळणारी तपकिरी गोचीड ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस या जातिसमूहातील आहे. ती त्रिपोषकी आहे. सहा पायांचा डिंभ, आठ पायांचे अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्था स्वतंत्रपणे पोषकास (ज्यावर परजीवी जगतो त्या प्राण्यास) चिकटतात, रक्त पितात आणि दर वेळी खाली पडतात. या तिन्ही अवस्थांत पोषक बहुधा कुत्राच असतो, हे या गोचिडीचे वैशिष्ट्य होय. रक्ताने टम्म फुगलेली मादी भिंतींच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे किंवा कुत्र्याच्या घराच्या छपरात शिरून सु. ४,००० पर्यंत अंडी घालते व मरते. उपाशी प्रौढ गोचिडी अनेक महिने जिवंत राहतात. त्यामुळे केवळ कुत्र्याचे अंग स्वच्छ करून त्यांचा नायनाट होत नाही. भिंतींच्या भेगा बुजविणे व त्यांत योग्य कीटकनाशक फवारणे आवश्यक ठरते.

रक्तशोषणापेक्षा गोचिडींनी पसरविलेले रोग अधिक घातक असतात. एर्लिकिया कॅनिस या सूक्ष्मजंतूमुळे ताप, बिंबाणूंची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणांची) घट व नाकातून रक्तस्राव ही लक्षणे होतात. बबेसिया या प्रजातीतील प्रजीव तांबड्या कोशिका फोडतात. त्यामुळे पांडुरोग (रक्तक्षय) होतो व लघवी कधीकधी लालसर होते. या रोगांच्या अभ्यासात भारताला विशेष स्थान आहे. हिपॅटोझून कॅनिस या रक्तपरजीवीचे वर्णन १९०५ मध्ये एस. पी. जेम्स यांनी भारतातील कुत्र्यांवरून केले, तर बबेसिया गिब्सोनाय याचे वर्णन डब्ल्यू. एस. पॅटन यांनी १९१० मध्ये मद्रास येथील शिकारी कुत्र्यांवरून केले. हिपॅटोझूनची लागण गोचिडीच्या दंशाने नव्हे, तर कुत्र्याने गोचीड गिळल्याने होते. तपकिरी गोचीड माणसालाही चावते व भारतीय गोचीड ज्वराचे जंतू तिच्यामार्फत माणसात शिरू शकतात.

काही रोगजंतू गोचीड चिकटल्यापासून थोड्या तासांत, तर काही एकदोन दिवसांनी शरीरात उतरतात. म्हणून कुत्रा बाहेरून आल्यावर कान, मान, काखा व पायांच्या बोटांमधील जागा रोज तपासणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. चिमट्याने गोचीड त्वचेलगत धरून सरळ ओढून काढतात. तिच्यावर रॉकेल ओतणे, तिला चटका देणे किंवा बोटांनी चिरडणे धोक्याचे असते.

मानेवर थेंब टाकून लावावयाची फिप्रोनिलासारखी औषधे सामान्यतः दरमहा लावतात. पोटात द्यावयाच्या आयसोऑक्झॅझोलीन गटातील औषधांपैकी ॲफॉक्सोलॅनराची मात्रा दरमहा, तर फ्लुरॅलॅनराची सु. १२ आठवड्यांनी देतात. ही औषधे रक्तातून कार्य करतात. म्हणजे गोचीड चावल्यानंतरच मरते. औषधयुक्त गळपट्टे प्रकारानुसार कित्येक महिने परिणामकारक राहतात. वेष्टनावर दिलेला काळ हा उच्चतम काळ समजावा. थेंबाच्या औषधानंतर वारंवार आंघोळ घातल्यास तो कमी होतो.

गोलकृमी : टॉक्सोकॅरा कॅनिस हा पांढरट, शेवयांसारखा दिसणारा कृमी कुत्र्यांत सामान्यतः आढळतो. त्याचे डिंभ कुत्रीच्या स्नायूंत व इतर ऊतकांत सुप्तावस्थेत राहतात आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धात वारेतून गर्भात शिरतात. कुत्रीची विष्ठा तपासणीत निर्दोष ठरली, तरी तिची पिले जन्मतःच बाधित असू शकतात. पिले तीन आठवड्यांची होताच त्यांच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. म्हणून पहिली मात्रा दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस देतात. मोठे पोट, निस्तेज केस, वाढ खुंटणे व उलटीतून कृमी पडणे ही पिलांतील लक्षणे होत. ताज्या विष्ठेतील अंड्यांपासून लगेच लागण होत नाही. त्यांत डिंभ तयार होण्यास काही आठवडे लागतात. त्यानंतर मात्र ती मातीत वर्षानुवर्षे टिकतात. यासाठी विष्ठा रोजच्या रोज उचलणे हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा प्रतिबंधक उपाय ठरतो.

अंकुशकृमी : अँकिलोस्टोमा कॅनिनम हा कृमी आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त शोषतो. उबदार, ओलसर मातीत सु. आठवड्याभरात त्याचे संसर्गक्षम डिंभ तयार होतात आणि ते तोंडावाटे किंवा पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. नवजात पिलांना ते आईच्या दुधातून मिळतात. एकेक कृमी थोडेच रक्त पितो. पण पिलाच्या शरीरात एकूण रक्तच कमी असल्याने दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात तीव्र पांडुरोग होऊन, विष्ठेत अंडी दिसण्यापूर्वीच, ते दगावू शकते. हिरड्या फिकट पडणे व विष्ठा डांबरासारखी काळी होणे ही धोक्याची चिन्हे होत. प्रकटनपूर्व काल अवघा २ ते ३ आठवड्यांचा असल्याने पिलांना पंधरवड्याने मात्रा देण्याची प्रथा शास्त्रशुद्ध आहे.

प्रतोदकृमी व पट्टकृमी : ट्रिक्युरिस व्हल्पिस या चाबकाच्या आकाराच्या कृमीचा प्रकटनपूर्व काल सु. ३ महिन्यांचा असतो. त्यावर प्रत्येक कृमिनाशक उपयोगी पडत नाही. फेनबेंडॅझोल, फेबॅन्टेल यांसारखी निवडक औषधे लागतात. डायपिलिडियम कॅनिनम या पट्टकृमीचे तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे खंड कुत्र्याच्या गुदद्वाराभोवती दिसतात. त्याची अंडी पिसवेचा डिंभ खातो, पुढे कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो व त्यास लागण होते. पिसवांचा बंदोबस्त केला नाही, तर प्राझिक्वांटेल देऊनही २ ते ३ आठवड्यांत हे खंड पुन्हा दिसू लागतात. अशा वेळी जंताचे औषध वारंवार देण्यापेक्षा पिसवांवर उपचार करणे योग्य ठरते.

हृदयकृमी : डायरोफिलेरिया इमिटिस हा कृमी डासांमार्फत पसरतो व प्रौढावस्थेत फुप्फुस-रोहिणीत आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात राहतो. भारतात तो मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत आढळतो. प्रतिबंधासाठी आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसीन यांसारखी औषधे दरमहा देतात. ही मात्रा पुढील महिन्याचे संरक्षण करीत नाही. मागील महिन्यात शिरलेल्या डिंभांचा ती नाश करते. म्हणून डासांचा हंगाम संपल्यावरही एक मात्रा द्यावी लागते. शरीरात आधीच लागण असल्यास प्रतिक्रिया होण्याचा संभव असल्याने मोठ्या कुत्र्याच्या रक्ताची तपासणी करूनच ही औषधे सुरू करतात.

मानवी आरोग्याशी संबंध : टॉक्सोकॅराची अंडी मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात गेल्यास त्यांतील डिंभ यकृत, फुप्फुसे किंवा डोळे यांत भटकतात. या विकृतीचे स्वरूप १९५२ मध्ये पी. सी. बीव्हर व त्यांचे सहकारी यांनी स्पष्ट केले. डोळ्यातील लागणीमुळे दृष्टी कायमची अधू होऊ शकते. अंकुशकृमीचे डिंभ अनवाणी पायांच्या त्वचेत शिरून नागमोडी, खाजरे चट्टे उठवितात. सर्वांत गंभीर रोग एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीपासून होतो. हा कृमी जेमतेम ३ ते ७ मिमी. लांब असून कुत्र्यास त्याचा काहीच त्रास होत नाही. पण त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात किंवा फुप्फुसांत हायडॅटिड पुटी (द्रवाने भरलेल्या पिशव्या) वाढतात व त्यांवर अनेकदा शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढ्या, गुरे इत्यादींचे पुटीयुक्त अवयव कुत्र्यांनी खाल्ल्याने हे चक्र चालू राहते.

नियमित उपचारांचे फळ काय असते, हे या रोगाच्या इतिहासावरून दिसते. आइसलँडमध्ये १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे या डॅनिश शास्त्रज्ञांनी तपासलेल्या १०० कुत्र्यांपैकी २८ कुत्र्यांत हा कृमी आढळला. त्यानंतर लोकशिक्षण, कत्तलीतील टाकाऊ अवयवांची विल्हेवाट व कुत्र्यांवरील सक्तीचे उपचार यांच्या योगे त्या बेटावरून तो नाहीसा झाला. न्यूझीलंडमध्ये १९५९ च्या कायद्यान्वये देशव्यापी मोहीम सुरू झाली. प्रारंभी कुत्र्यांना सुपारीतील ॲरिकोलीन हे अल्कलॉइड देऊन रेच करवीत व कृमी तपासत; पुढे दर सहा आठवड्यांनी कृमिनाशक देण्याची पद्धत रूढ झाली. हा कृमी अंडी घालू लागण्यास सहा आठवडे वा त्याहून अधिक काळ घेत असल्याने हे अंतर निवडण्यात आले. २००२ मध्ये न्यूझीलंड या रोगापासून तात्पुरते मुक्त घोषित झाले.

उपचारांचे वेळापत्रक : पुढील अंतरे सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहेत.

(१) पिले : वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दूध तुटल्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत, म्हणजे साधारणतः आठव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत, दर पंधरवड्यास कृमिनाशक, नंतर सहा महिने वयापर्यंत दरमहा. दूध पाजणाऱ्या कुत्रीस पिलांबरोबरच मात्रा देतात.

(२) प्रौढ कुत्रे : वर्षातून किमान चार वेळा, म्हणजे दर तीन महिन्यांनी. घरात लहान मुले असल्यास किंवा कुत्रा मोकळा हिंडत असल्यास दरमहा.

(३) मेंढपाळांचे, शिकारीचे व कत्तलखान्याच्या आसपास वावरणारे कुत्रे : दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल, त्यांना कच्चे अवयव खाऊ न देणे अधिक महत्त्वाचे.

(४) पिसवा व गोचिडी : उष्ण व दमट प्रदेशांत वर्षभर, औषधाच्या परिणामकाळानुसार एक ते तीन महिन्यांनी.

दर तीन महिन्यांचे अंतर यूरोपीय तज्ञांच्या शिफारशींत किमान मानले आहे. उष्ण कटिबंधात अंडी व डिंभ वर्षभर वाढतात आणि पाळीव कुत्रा ज्या गल्लीत फिरतो तेथेच उपचार न झालेले भटके कुत्रेही वावरतात. म्हणून उष्ण कटिबंधी प्रदेशांसाठीच्या शिफारशी मासिक उपचारांकडे झुकतात. नियमित मात्रा देणे शक्य नसेल, तर दर तीन महिन्यांनी विष्ठेची सूक्ष्मदर्शकीय तपासणी करून त्यानुसार उपचार करता येतात.

सावधगिरी : मात्रा कुत्र्याच्या वजनावरून ठरते, वाढत्या पिलाचे वजन प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते. कोली व त्याच्याशी संबंधित मेंढपाळी जातींतील काही कुत्र्यांत एका जनुकातील दोषामुळे आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरते. गुरांसाठी तयार केलेले या औषधाचे इंजेक्शन अंदाजाने दिल्यास असे कुत्रे बेशुद्ध होऊन दगावू शकतात. हा दोष २००१ मध्ये ओळखला गेला. आयसोऑक्झॅझोलीन गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांस झटके येतात. अपस्माराचा पूर्वेतिहास असल्यास पशुवैद्यास आधी सांगणे आवश्यक असते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रीन मांजरास विषारी असते. सहा-आठ आठवड्यांखालील पिलांना बहुतेक बाह्य परजीवीनाशके देत नाहीत. त्यांच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढतात.

गरजेपेक्षा अधिक औषध देणेही हितकर नसते. अमेरिकेतील शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांत अनेक औषधांना दाद न देणारे अंकुशकृमी आढळले आहेत, तर इंग्लंडमधील नद्यांच्या पाण्यात फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिड सापडले असून कुत्र्या-मांजरांना लावलेली औषधे हे त्यांचे एक उगमस्थान मानले जाते. औषध लावल्यावर काही दिवस कुत्र्यास नदी-तळ्यात उतरू देत नाहीत, ते यासाठीच. कुत्र्याचे वय, वजन, आहार, हिंडण्याचा परिसर व घरातील माणसे विचारात घेऊन पशुवैद्याने ठरविलेली कालांतरे आणि दिलेल्या मात्रांची लसीकरणाच्या पत्रिकेवर केलेली नोंद यांवर उपचारांचे यश अवलंबून असते.